दहावी चकती

हे ऐकीव नाही. ज्या पाच सकाळी हे घडलं, त्या पाचही सकाळी मी तिथे होते. आणि मोजत होते.

मोजण्यात चूक होते, असं तुम्ही म्हणाल. पहिले दोन दिवस मीही तेच म्हणत होते.

चर्चचं वर्ष एकतीस डिसेंबरला संपत नाही. ते ख्रिस्तराजाच्या सणानंतरच्या शनिवारी संपतं. रविवारी नाताळाआधीचा आगमनकाळ लागतो, तो नव्या वर्षाचा पहिला दिवस. मधल्या सहा दिवसांत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रोजच्या उपासनेला, जी वाचनं असतात, ती जगाच्या शेवटाची. सकाळी साडेसहाला ती ऐकायला येणारी माणसं सात.

माझी मावशी त्या चर्चची व्यवस्था बघायची. दिवे, वेदीवरची कापडं, फुलं, घंटा. घंटा कधी मिनिटभर मागेपुढे झाली नाही, म्हणून सगळे तिला घड्याळमावशी म्हणायचे. त्या वर्षी सणाच्या रविवारी सजावट उतरवताना ती स्टुलावरून पडली. घोटा सुजून टम्म झाला. मी आठवड्याची रजा काढली आणि सोमवारी सकाळी तिच्याकडे पोचले.

ती काळी साडी नेसून, काठी घेऊन दारात उभी होती.

"बॅग ठेव आणि चल," ती म्हणाली. "टेलरबाई गेल्या. दहाला माती आहे."

टेलरबाईंना मी लहानपणापासून ओळखत होते. वेदीवरचं प्रत्येक कापड त्यांनी शिवलेलं. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तरी दोन वर्षं त्या सकाळच्या मिस्साला यायच्या. मग जिने उतरणंच बंद झालं.

अशा, घराबाहेर पडू न शकणाऱ्या लोकांसाठी मावशी दर शनिवारी चर्चमधून ख्रिस्तप्रसाद घेऊन जायची. छोट्या धातूच्या डबीत. घरं पाच. टेलरबाईंचं पाचवं, तिसऱ्या मजल्यावर.

टेलरबाई शनिवारी दुपारी गेल्या. घरात एकट्या होत्या. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला, ती संध्याकाळी परतली तेव्हा कळलं.

दफनभूमीत त्या मुलीनं सगळ्यांसमोर मावशीचे दोन्ही हात धरले.

"आई एकटी गेली," ती म्हणाली. "पण सकाळी मावशी येऊन तिला प्रसाद देऊन गेल्या होत्या. मला तेवढं पुरे आहे."

मावशीनं हात सोडवून घेतले आणि काठी धरली. मला वाटलं, पाय ठणकत असेल.

मंगळवारपासून मिस्साची तयारी मी करू लागले.

इथे एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चर्चच्या दारापाशी एक टेबल असायचं. त्यावर काचेच्या वाडग्यात प्रसादाच्या पातळ, पांढऱ्या चकत्या. शेजारी झाकण असलेला पेला आणि स्टीलच्या ताटलीत एक चिमटा. ज्याला प्रसाद घ्यायचा, त्यानं आत येताना चिमट्यानं एक चकती उचलून पेल्यात टाकायची. वाचनं झाली की पेला वेदीवर जातो. प्रार्थनेनंतर ती नुसती चकती राहत नाही. ती टाकता येत नाही, परत वाडग्यात ठेवता येत नाही. म्हणून जितकी माणसं, तितक्याच चकत्या.

मंगळवारी आम्ही नऊ जण होतो. नेहमीचे सात, मावशी आणि मी.

सगळ्यांनी प्रसाद घेतला. फादरांनी पेल्यात पाहिलं…

एक उरली होती.

"कोणीतरी दोनदा टाकली," मावशी म्हणाली.

फादरांनी ती खाल्ली आणि विषय संपला.

बुधवारी नऊ माणसं. पुन्हा एक उरली.

त्या सातांतले एक निवृत्त बसड्रायव्हर होते. बाहेर पायरीवर ते म्हणाले, "फादर, रोज उरणार असेल तर मला द्या. नाश्ता वाचेल."

"पापं वाचून दाखवा आधी, मग देतो," फादर म्हणाले.

सगळे हसले. मावशी हसली नाही.

गुरुवारी मी टेबलापाशीच उभी राहिले. एकेक चकती पडताना मोजली. ड्रायव्हरकाका, दोन सिस्टर, बाकीचे चार, मावशी, मी. नऊ. पेल्यावर झाकण घातलं, चिमटा ताटलीच्या उजव्या कडेला ठेवला आणि शेवटच्या बाकावर बसले. टेबल माझ्या मागे, हातभर अंतरावर.

वाचन सुरू झालं. फादरांचा आवाज सोडला तर चर्चमध्ये काही हालचाल नव्हती.

आणि मागे…

टक्.

स्टीलवर स्टील ठेवल्याचा आवाज. पडल्याचा नाही. कोणीतरी जपून ठेवल्याचा.

मी वळले.

दार लोटलेलं होतं. टेबलापाशी कोणी नव्हतं. पेल्यावर झाकण तसंच होतं.

चिमटा मात्र ताटलीच्या डाव्या कडेला होता.

त्या दिवशीही एक उरली.

मिस्सा संपल्यावर मावशी लंगडत टेबलापाशी आली. ताटलीकडे पाहून तिथेच थांबली.

"चिमटा तू ठेवलास असा?"

"नाही."

"मग कोणी?"

"तेच तुला विचारायचं होतं. डावीकडे कोण ठेवतं?"

तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. बराच वेळ उठली नाही.

शुक्रवारी तिनं दारातलं टेबलच हलवलं. चिमटा कपाटात ठेवून कुलूप लावलं. सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीच्या बाजूच्या तयारीच्या खोलीत, तिनं स्वतःच्या हातानं नऊ चकत्या मोजल्या. मला मोजायला लावल्या. मी पेला थेट वेदीवर नेऊन ठेवला.

वाचन चालू असताना दाराकडून आवाज आला…

टक्.

तिथे टेबल नव्हतं. ताटली नव्हती. नुसती फरशी.

या वेळी तो ड्रायव्हरकाकांनीही ऐकला. त्यांनी मान वळवली, मग हळूच पुन्हा पुढे केली.

प्रसाद वाटून झाला. फादर पेल्यात बघत राहिले.

एक.

सॅक्रिस्टीत आम्ही दोघीच उरलो, तेव्हा मावशी म्हणाली, "टेलरबाई डावखुऱ्या झाल्या होत्या. उजवा हात गेल्यावर."

"मला माहीत आहे."

"तुला पुढचं माहीत नाही."

मग तिनं सांगितलं.

त्या शनिवारी सणाची तयारी राहिली होती. पांढरी वस्त्रं इस्त्री व्हायची होती, हार यायचे होते. तिनं डबीत पाच प्रसाद घेतले, चार घरं केली. पाचव्या घराखाली उभी राहिली. वर पाहिलं. तीन जिने. उद्या येऊ, म्हणाली, आणि परत फिरली.

डबीत एक उरला. परत न्यायचा तर फादर विचारणार, कोणाकडे गेला नाहीत?

"म्हणून मी तो खाल्ला," मावशी म्हणाली. "रस्त्यात उभं राहून. त्यांचा वाटा."

संध्याकाळी मुलीचा फोन आला होता. आई गेली, ती रडत म्हणाली. मग विचारलं, मावशी, तुम्ही सकाळी येऊन गेलात ना?

मावशी म्हणाली, हो.

"मग आता खरं सांग तिला."

"काय सांगू? तिच्याकडे तेवढंच उरलंय. तेही काढून घेऊ?"

"आणि नाही सांगितलंस तर?"

मावशी दाराच्या दिशेनं बघत होती. जिथे आता टेबल नव्हतं.

"उद्या वर्ष संपतं," ती म्हणाली.

दुपारी आम्ही गेलो. दुकानाला त्या वेळी सुट्टी असते. ज्या तीन जिन्यांचा तिनं कंटाळा केला होता, ते मावशी काठी टेकत, सुजलेल्या पायानं चढली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

मुलीनं दार उघडलं. "मावशी, या पायानं कशाला आलात? निरोप द्यायचा ना."

खोलीत दाराकडे तोंड करून एक खुर्ची होती. समोर स्टूल. स्टुलावर पांढरं कापड आणि एक बुटकी पितळी मेणबत्तीदाणी. मेणबत्ती पार तळाशी गेलेली.

"मी काहीच हलवलं नाही," मुलगी म्हणाली. "आई अशीच बसली होती. डोक्यावर पांढरा रुमाल. शेजारी पाण्याचा पेला आणि गोळ्या, तशाच. प्रसादाआधी ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. आजारी माणसाला चालतं, फादरांनी किती वेळा सांगितलं. पण मला एक कळत नाही, मावशी. प्रसाद झाल्यावर तरी तिनं गोळ्या का नाही घेतल्या?"

मावशी खुर्चीकडे बघत होती.

"मी आले नव्हते," ती म्हणाली.

मग सगळं सांगितलं. डबीसकट. एकही शब्द गाळला नाही.

मुलगी ऐकत राहिली. तिनं वाकून मेणबत्तीदाणी उचलली. आत पाहिलं.

"ही अख्खी जळली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, त्या दिवशी प्रार्थना लांबली असेल."

तिनं मेणबत्तीदाणी मावशीसमोर धरली.

"किती तास लागतात हो अशी एक मेणबत्ती जळायला? तुम्हाला माहीत असेल. तुम्हीच लावता ना चर्चमध्ये?"

"सहा," मावशी म्हणाली.

"जा आता."

संध्याकाळी मावशी फादरांकडे पापनिवेदनाला गेली. तिथे काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही. फादर सांगणारही नाहीत.

शनिवार. वर्षाचा शेवटचा दिवस. मावशीनं टेबल पुन्हा दारात ठेवायला लावलं. चिमटाही.

नेहमीचे सात आले. मावशी. मी.

घंटा होता होता दारातून टेलरबाईंची मुलगी आत आली. कोणाकडे न बघता तिनं चिमट्यानं चकती उचलली, पेल्यात टाकली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.

दहा माणसं. मी झाकण उचलून मोजलं. दहा चकत्या. मग पेला मांडीवर घेऊन बसले, तळहात झाकणावर. वाचन जागं राहून वाट पाहण्याबद्दल होतं. ते संपेपर्यंत मी हात काढला नाही.

दारात आवाज झाला नाही. मला हायसं वाटलं. संपलं, असं वाटलं.

मी पेला वेदीवर नेला. प्रार्थना झाली. रांग लागली. ड्रायव्हरकाका, सिस्टर, बाकीचे, मग मी. माझ्या मागे टेलरबाईंची मुलगी. मावशी सगळ्यात शेवटी, बरीच मागे, काठी टेकत येत होती.

मी प्रसाद घेऊन बाजूला झाले. मुलीनं घेतला, तीही वळली.

फादरांनी पेल्यातून पुढचा उचलला. हात समोर केला. नेहमीचे शब्द म्हणाले…

समोर कोणी नव्हतं.

ते क्षणभर तसेच उभे राहिले. खाली बघत. मग हात मागे घेतला.

बोटं रिकामी होती.

तेव्हा कुठे मावशी पोचली. काठी काखेत धरून तिनं ओंजळ पुढे केली. फादरांनी पेल्यात पाहिलं. पेला थोडा तिरका केला, उजेडाकडे धरला.

"थांबा मावशी," ते हळू आवाजात म्हणाले. वेदीमागे पवित्र पेटी असते, त्यात राखीव प्रसाद ठेवलेला असतो. ते तिकडे वळले.

"नको, फादर," मावशी म्हणाली. "माझा झालाय. गेल्या शनिवारीच."

ती वळली आणि काठी टेकत जागेवर गेली.

नंतर मी भांडी आवरत होते. फादर झगा उतरवून घडी घालत होते. एकदा घातलेली घडी त्यांनी पुन्हा मोडली.

"ताई, मावशींच्या आधी रांगेत कोण होतं?"

"टेलरबाईंची मुलगी."

"तिच्यानंतर?"

"कोणी नाही."

त्यांनी झगा बाजूला ठेवला.

"प्रसाद देताना मी चेहरे बघत नाही," ते म्हणाले. "हात बघतो. लोक दोन हात पुढे करतात, एकावर एक. मुलीनंतर एकच हात आला. डावा. मला वाटलं, मावशींनी दुसऱ्या हातात काठी धरली असेल. म्हणून दिला. आणि वर पाहिलं…"

"आणि?"

"मावशी अजून चार पावलं मागे होत्या."

दुसऱ्या दिवशी वेदीवर जांभळं कापड आलं. तेही टेलरबाईंनीच शिवलेलं. नवं वर्ष लागलं. त्यानंतर पेल्यात कधी एक उरली नाही, कमीही पडली नाही. मावशी पुढे सहा वर्षं होती. तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी तिच्याशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही.

माझ्या हाताखालून त्या पेल्यात काही जाणं शक्य नव्हतं, आणि निघणंही. हे मी अनेकदा ताडून पाहिलंय. दहा माणसं, दहा चकत्या. त्यातली दहावी कोणी घेतली, हे मी लिहू शकत नाही. मी ते पाहिलेलं नाही.

मी अजून सकाळच्या मिस्साला जाते. कधी रांगेत मी शेवटची असते. मागे कोणी नसतं, हे मला माहीत असतं.

तरी प्रसाद घेतला की मी झटकन बाजूला होते.

जागा सोडते.