'कन्हानकाठ'मधली शांतता

महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की 'कन्हानकाठ'चे जुने श्रोते गोपाळरावांच्या प्रतापनगरच्या घरी जमत. एके काळी चपला जिन्यापर्यंत जायच्या. आता समोरच्या खोलीतला दिवाण आणि दोन-तीन खुर्च्या पुरत. जानेवारीचं ऊन खिडकीतून येऊन सतरंजीवर पसरे आणि त्या उन्हात पाय ठेवून जिजाबाई बसत. ती जागा त्यांचीच, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं.

'कन्हानकाठ' म्हणजे श्रुतिकांची मालिका. कन्हान नदीकाठच्या खाप्यातल्या एका विणकर घराची गोष्ट, तीस वर्षांहून जास्त चाललेली. आधी ती रेडिओवर लागायची, आता मोबाइलवर येते. त्यातल्या सोनाआत्याचं काम पहिल्या भागापासून जिजाबाईंची थोरली बहीण पार्वती करत असे. दोघी बहिणी खाप्याच्याच, माग असलेल्या घरातल्या. चार वर्षांपूर्वी एका दुपारी ती झोपली ती उठली नाही. मालिकावाल्यांनी सोनाआत्याला मारलं नाही की गावाला धाडलं नाही. तिच्यासाठी लिहायचं तेवढं थांबवलं.

मंडळी जमली की वाद ठरलेला असे. मालिका बिघडली ती कधी?

"घर सोडलं तवा," गोपाळराव म्हणाले. कोर्टातली नोकरी संपून वीस वर्षं झाली तरी ते निकाल दिल्यासारखंच बोलत. "त्या लोकायले खाप्याहून उचललं अन् नागपुरात फ्लॅटमध्ये आणून टाकलं. माग गेला, नदी गेली. लिफ्टचा आवाज ऐकायले कोण बसते गा?"

"मी सांगतो," रुपराव म्हणाले. "धाकट्याचं लगन लावलं ना, तिथंच गाडी पंक्चर झाली. सुखी माणसाचं काय ऐकाचं?"

"तुम्हाला शेवट तरी माहीत असतात का, रुपरावजी?" सुरुची म्हणाली. ती कॉलेजात शिकवायची, मंडळात सगळ्यांत लहान. सगळे हसले. रुपराव हिंगण्याच्या कारखान्यात होते. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हर रेडिओ लावायचा, पण भाग संपण्याआधीच रुपरावांचा स्टॉप यायचा. कितीतरी वर्षं त्यांनी एकाही भागाचा शेवट ऐकलेला नव्हता.

"म्हणून तर मले चांगली वाटे," रुपराव म्हणाले.

त्या दिवशी पुष्करही आला होता. मालिका त्याच्या वडिलांनी सुरू केली होती. तो मिहानमध्ये एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि शनिवार-रविवारी वडिलांची मालिका ओढत न्यायचा. श्रोते झपाट्याने कमी होत होते. काय चुकतंय ते जुन्या लोकांकडून ऐकावं, सुधारता आलं तर सुधारावं, नाही तर होळीनंतर बंद करावी, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं होतं.

"मला विचारशील तर एकच कारण आहे," सुरुची त्याला म्हणाली. "त्या जागा. कोणी एक वाक्य बोलते, अन् मग सगळे गप्प. नुसता पंख्याचा आवाज. मला वाटते नेट गेलं."

"मी दोनदा मोबाइल दुकानात नेला," रुपराव म्हणाले. "तो पोरगा म्हणे, काका, मोबाइल बराबर हाय, तुमचं नाटकच बंद पडते."

जिजाबाई कोथिंबिरीच्या सांबारवडीचा तुकडा मोडत होत्या. "कोणत्या जागा वं?" त्यांनी विचारलं.

सुरुचीनं गोपाळरावांकडे पाहिलं. जिजाबाईंसमोर सोनाआत्याचा विषय जपूनच निघायचा. "आत्या गेल्यापासूनच्या, काकू," ती हळूच म्हणाली. "ती जिथं बोलली असती, तिथं आता कोणीच बोलत नाही."

जिजाबाईंना काही उमगेना. चार वर्षांत त्यांनी एकही भाग चुकवला नव्हता आणि प्रत्येक भागात बाईचा आवाज होता. थोरल्या बहिणीला त्या बाईच म्हणत. जुन्या रेकॉर्डिंगमधून तिची वाक्यं काढून पुष्कर नव्या भागांत बसवतो, इतकं साधं त्यांनी धरलं होतं. एकदा त्याचे आभार मानायचे, हेही मनात होतं.

"लावून दाखव," त्या पुष्करला म्हणाल्या.

त्यानं आठवड्याचा ताजा भाग लावला. फ्लॅटमधलं स्वयंपाकघर. भांड्यांचा आवाज. सून म्हणाली, "वारा सुटला आज."

"सुटू दे," बाई म्हणाली. "खिडकीचा खालचा खिट्टा लाव. वरचा ढिला हाय."

गोपाळराव छताकडे बघत होते. रुपरावांनी हातातला कप हलकेच बशीत ठेवला. बाईचं बोलणं चालू असतानाच सुरुचीनं बोट वर केलं.

"ही," ती म्हणाली. "ही बघ एक जागा."

"लावते मी खिडकी," मोबाइलमधली सून म्हणाली.

ऊन सतरंजीवरून सरकून जिजाबाईंच्या गुडघ्याशी आलं होतं. त्यांना ते ऊन फार दूरचं वाटलं, लहानपणी आजारात अंथरुणावरून दिसायचं तसं. भाग पुढे चालला होता. धाकटा काहीतरी नोकरीचं बोलला आणि थांबला.

"जिजे," बाई म्हणाली, "ती वडी ठेव खाली. तुले संध्याकाळी सांबार बाधते."

जिजाबाईंनी वडी बशीत ठेवली.

"कंटाळा येते की नाही?" सुरुची म्हणाली.

पुष्करनं मोबाइल बंद केला. तो जरा ओशाळला होता. "खरं सांगू का, या जागा मी ठेवलेल्या नाहीत," तो म्हणाला. "लिहिलेलं सलग असते. वाचताना लोक थांबतात. विचारलं तर म्हणतात, आम्ही कुठं थांबलो?"

"जुने कलाकार आहेत," गोपाळराव म्हणाले. "सवय असते. समोरच्याचं वाक्य येईपर्यंत थांबाची."

"सुनेचं काम करणारी मुलगी मागच्या वर्षी आली, काका. तिनं आत्याचा आवाज कधी ऐकला पण नाही."

रुपरावांनी चहा मागितला.

मग पुष्करच म्हणाला की त्यावर उपाय सोपा आहे. कॉम्प्युटर आपोआप शांतता शोधतो आणि कापून टाकतो. पुढच्या महिन्यापासून तसं करून बघू. रुपराव म्हणाले, हे चार वर्षांखाली काहून नाही केलं गा?

"कापू नको," जिजाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. कारण सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. छप्पन साली दीक्षाभूमीवरून आल्यावर त्यांच्या वडिलांनी घरातून देव बाहेर काढले, तशी भुतंही काढली होती. अंगारा, उतारा, रात्री पिंपळाखालून न जाणं, सगळं एका दिवसात बंद. जिजाबाईंनी पुढे शाळेत जन्मभर गणित शिकवलं. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल त्या चार माणसांत काय सांगणार? आणि सांगितलं असतं तर गोपाळरावांनी जिजाबाईंच्या घरी फोन करून सुनेला बोलावून घेतलं असतं.

पण त्यांना एवढं समजत होतं की जागा कापल्या तर बाई दुसऱ्यांदा जाईल. आणि नाही कापल्या तर मालिकाच बंद होईल, तेव्हाही ती जाईल.

"बरं, काप," त्या शेवटी म्हणाल्या. "पण कापलेलं फेकू नको. मागच्या भागांतलं पण काढ, अन् जोडून मले पाठव."

"काकू, त्यात काहीच नसणार," पुष्कर म्हणाला. "नुसती शांतता."

"असू दे."

फेब्रुवारीतला पहिला भाग सगळ्यांना आवडला. रुपरावांनी ग्रुपवर अंगठ्यांची रांग लावली. गोपाळरावांनीसुद्धा 'सुधारणा आहे' असं लिहिलं. जिजाबाईंनी तो भाग मानेवाड्याच्या घरी गॅलरीत बसून ऐकला. माणसं भराभर बोलत होती, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं. वाऱ्याचा, खिडकीचा, भाकरीचा विषय निघे आणि लगेच मागे पडे. बाई कुठेच नव्हती. भाग संपला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

कापलेल्या जागांचं पुष्करचं पार्सल मोबाइलवर त्याच आठवड्यात आलं. सोबत त्यानं हसरा चेहरा पाठवला होता.

दुपार होती. मुलगा नागसेन ड्युटीवर गेला होता. सून रोशनी सकाळची शाळा करून येऊन आत पडली होती. जिजाबाईंनी दोन्ही कानांत इयरफोन घातले. आधी पंख्याची घरघर आली, मग कुणीतरी पान उलटलं, आणि मग बाई बोलली.

"हो."

पुन्हा घरघर.

"नाही वं, आता नाही दुखत."

घरघर.

"नेला असंल कोणी. मले नाही आठवत."

नुसती उत्तरं होती. जिजाबाईंनी ती ऐकत ऐकत दुपार काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा लावलं, आणि बाई बोलण्याच्या जरा आधी, सहज, स्वतःशी म्हटल्यासारखं विचारलं, "गुडघा दुखते का आता?"

"नाही वं, आता नाही दुखत."

"आपला माग कोणी नेला, बाई?"

"नेला असंल कोणी. मले नाही आठवत."

त्यानंतर त्या रोज विचारू लागल्या. पार्सल तेच होतं, पण उत्तरं प्रश्नाप्रमाणे येत. बाबांच्या सायकलला घंटी होती की नव्हती. खाप्याच्या घरी हौदाशेजारी कशाचं झाड होतं. तू पहिल्यांदा रेडिओवर बोललीस तेव्हा भ्यायली होतीस का? बाई थोडकं बोले. विचारल्याशिवाय आपणहून काही सांगत नसे, पण तिचा तो स्वभावच होता. तिचा आवाज इतका जवळून येई की पलंगावर दुसऱ्या बाजूला कुणी टेकल्यासारखं वाटे. ऊन गॅलरीतून खोलीत येई, भिंतीवर चढे आणि फिकं होई. कडुलिंबाची पिवळी पानं जाळीवर पडत. जेवण ताटातच निवे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी गोपाळरावांकडे जायचं त्या विसरल्या, आणि विसरल्याचं वाईटही वाटलं नाही.

भीती अशी त्यांना वाटली नाही. आपलं काही चुकतंय, असंही वाटलं नाही.

एका संध्याकाळी रोशनी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आई, कोणाशी बोलून राहिल्या?"

जिजाबाईंनी इयरफोन काढले. ते लपवावेत असं क्षणभर मनात आलं. मग वाटलं, सांगून टाकावं. हिला काही ऐकू येणार नाही, ही हसेल, आणि तेवढंच होईल.

"ऐक," त्या म्हणाल्या.

रोशनी पलंगावर बसली. तिनं इयरफोन दोन्ही कानांत घातले. चहावर साय धरत होती.

तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हे तर तुम्हीच आहात, आई."

जिजाबाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"केव्हा रेकॉर्ड केलं? किती साफ आहे आवाज." ती मान तिरकी करून ऐकत होती. "गुडघा दुखते का, म्हणून राहिल्या. मग गप्प." थोड्या वेळानं म्हणाली, "आता मागाचं विचारून राहिल्या. मग पुन्हा गप्प. मध्ये मध्ये थांबता काहून?"

पार्सल पुष्करच्या स्टुडिओतून आलं होतं. त्या स्टुडिओची पायरीसुद्धा जिजाबाई कधी चढल्या नव्हत्या.

"आणखी काय विचारते मी?"

"सायकलचं काहीतरी. हौदाचं." रोशनी ऐकत राहिली. बाहेर उजेड कमी होत होता, आणि तिनं दिवा लावला नव्हता.

"आता विचारून राहिल्या, बाई, निघू का मी?" तिनं सासूकडे पाहिलं. "कुठं निघाल्या, आई?"

हे जिजाबाईंनी विचारलेलं नव्हतं. काल नाही, आज नाही, आधी कधीच नाही.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काही नाही. थांबल्या."

रोशनी अजून ऐकतच होती. कानांत काहीच येत नसलं की माणूस जसं बसतं, तशी ती भिंतीकडे बघत बसली होती.

जिजाबाईंनी हात पुढे केला.

"दे वं इकडं लवकर," त्या म्हणाल्या. "ती सांगून राहिली असंल."