मधल्या डब्या शून्य

सोलरची पाटी पुसायला सीमा त्या दिवशीही कौलावर चढली, रोजच्यासारखीच. आपत्तीच्या पथकानं पाड्यावर एक तळहाताएवढी, बटणांची डबी दिली होती. टॉवर नको, सिमकार्ड नको. लिहिलेला निरोप ही डबी टेकडीवरच्या डबीला देणार, ती पुढं तालुक्याला, धडगावच्या पथकाकडं. पाड्यावर वाचणारी बाई सीमाच, सातवी शिकलेली, म्हणून डबी तिच्या घरी.

खालून सासू दिवलीबाई ओरडली, "नवऱ्याची एवढी निगा ठेवली असतीस, तर ऊसतोडीला गुजरातला गेला नसता!"

सीमा हसतच उतरली. तेवढ्यात धुक्यातून शेजारचा खात्या आला. त्याच्या हातात टेकडीवरची डबी होती, अवकाळी विजेनं कोळसा झालेली. जळक्या प्लास्टिकचा वास अंगणभर पसरला.

"आता निरोप जायचा नाही, वहिनी."

आणि नेमकी दुपारी सीमाची पोर तापली. सात महिन्यांची. दूध तोंडात घेईना. मग डोळे फिरवले, मुठी आवळल्या. पोरीला घेऊन धडगावला पायी जायचं, तर पोचायला रात्र होणार. पाड्यावर गाडी एकही नाही. सीमानं तरीही लिहिलं: पोरीला झटके, गाडी पाठवा.

डबी किणकिणली. 'पोचला. मधल्या डब्या: १.'

एक? कोणती? सीमानं ओट्याकडं पाहिलं. जळकी डबी तिथंच पडलेली...

दीड तासात जीप आली. धडगावच्या दवाखान्यात सुई टोचली, ताप उतरला, आणि दिवस मावळायच्या आत पोरीनं दूध ओढलं. सीमाचा जीव भांड्यात पडला. पण डोक्यातला भुंगा काही थांबेना. तिनं पथकाच्या ईश्वरला विचारलं. तो शहाद्याकडचा, अहिराणी बोलणारा.

"ताई, मधमा एकच डबी शे. टेकडीवरनी."

"ती सकाळीच जळाली, दादा."

ईश्वरनं इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "जाऊ दे ना, ताई... पोर वाचनी ना." आणि घाईघाईनं बाहेर गेला.

खोलीत आता मायलेकी दोघीच. डेटॉलचा वास, बाकीच्या दोन खाटा रिकाम्या. सीमाच्या ओटीत खोचलेली डबी किणकिणली.

'प्याली का?'

पाठवणाऱ्याचं नाव नाही. खाली बारीक अक्षरं: 'मधल्या डब्या: ०.'

शून्य म्हणजे पाठवणारा इथंच, हाकेच्या आत. पथकानंच शिकवलं होतं. सीमानं दाराकडं पाहिलं, कुणी नव्हतं. तरी राहवेना. पदराआड पोर चुटूचुटू पीत होती. तिनं एका हातानं लिहिलं: प्याली. कोण तुम्ही?

उत्तर लगेच आलं.

'दिसलं.'