कोऱ्या चिठ्ठीवरचं अक्षर

नाही तन्वी, गाडी नको. तुझ्यासाठी रिक्षा बोलावू. येईल दहा मिनिटांत. लाईट येईपर्यंत ही बत्ती पुरेल, बस. मी सोमवारपासून गाडी का काढत नाही, हे तू दोनदा विचारलंस. सांगते. उन्मेषलासुद्धा सगळं माहीत नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. जानेवारीतला बुधवार होता. सासूबाईंचं शिवणयंत्र मल्हारगंजात दुरुस्तीला दिलं होतं, ते आणायचं होतं. दुपारी अडीचला कॉलेजमधून निघाले. एवढं जड यंत्र रिक्षातून कसं आणणार, म्हणून गाडी त्या बोळात घातली. यंत्र डिकीत ठेवलं आणि गाडी मागे घ्यायला लागले. एका बाजूला हातगाडी होती, तिच्याकडे बघता बघता मागून काच फुटल्याचा आवाज आला.

एक जुनी, मोतिया रंगाची गाडी भिंतीला लावून उभी होती. तिचा पुढचा उजवा दिवा फुटला होता, बंपर एका बाजूनं लोंबत होतं. आत कोणी नव्हतं. मागच्या सीटवर फक्त एक उशी आणि घडी घातलेली शाल.

समोरचा बटणं-लेसवाला दुकानातून खाली उतरला. "अरे मैडमजी, ये तो बोंद्रे सर की गाड़ी है. ऊपर ही रेते हैं. जाके बोल दो, भले आदमी हैं. नी तो चिट्ठी लगा दो."

एव्हाना चार-पाच माणसं गोळा झाली होती. वर जायला बारा-पंधरा पायऱ्या होत्या, दोन मिनिटांचं काम. पण मी कॉलेजात शिकवणारी, चाळिशीची बाई. अनोळखी माणसाच्या दारात मान खाली घालून उभं राहायचं, आणि तेही ही माणसं खालून बघत असताना... मला ते जमलं नाही.

मी पर्समधून डायरी काढली, एक पान फाडलं आणि बॉनेटवर ठेवून लिहिल्यासारखं केलं. चार ओळी. पेनाचं टोपण काढलंच नव्हतं, तन्वी. हातानं नुसतं डावीकडून उजवीकडे, चार वेळा. कोरा कागद घडी करून वायपरखाली खोचला. दुकानदार म्हणाला, "बहोत सही किया आपने." आणि मी निघाले.

संध्याकाळी उन्मेषनं आमच्या गाडीचा मागचा पोचा बघितला. "हे काय झालं?"

"कोणीतरी ठोकून गेलंय. कॉलेजच्या पार्किंगमध्ये. मी बाहेर आले तर असं..."

इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

वाटलं, विषय संपला. पण उन्मेष गप्प बसणाऱ्यातला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं थेट प्रिन्सिपॉलना, देवयानी मॅडमना फोन केला. अशा वेळी कसला रुबाब त्याच्या आवाजात येतो, तुला माहीतच आहे. पार्किंगच्या त्या कोपऱ्यात कॅमेरा नव्हता. म्हणून संताजीला बोलावलं, आपल्या गेटवरच्या संताजीला.

तो म्हणाला, "मॅडमच्या गाडीला कोणी हात पण नाही लावला. मी गेटवरून हललोच नाही." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही तर सहीसलामत गाडी घेऊन निघाल्या होत्या. मी खुद्द गेट उघडलं. याद करा ना."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "माझ्या लक्षात नाही."

ठेकेदारानं त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. निष्काळजी, वर खोटं बोलतो म्हणून. जाताना त्यानं मला नमस्कार केला. रागानं केला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या दिवसांत एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. सकाळी कॉलेजला जायला गाडीत बसावं, तर आत बामाचा वास. बाम, आणि आजारी माणसाच्या खोलीत असतो ना, तसा काहीतरी वास. मागच्या सीटवर कोणी बराच वेळ बसलं असावं, तशी ती दबलेली. एकदा बॉनेटला हात लागला. एवढ्या थंडीत ते कोमट होतं. उन्मेषला विचारलं, तर म्हणाला, "गाडी रात्रभर खालीच आहे. किल्ली खुंटीवर. आणि तू माझ्या शेजारी घोरत होतीस."

नवव्या दिवशी राहवलं नाही. दुपारचा एक तास सोडला आणि मल्हारगंजात गेले. ती मोतिया गाडी तिथंच होती, दिवा तसाच फुटका. पायऱ्या चढताना काय बोलायचं ते घोकत होते. दार वाजवलं. सत्तरीचे एक गृहस्थ, कानटोपी घातलेले, अच्युतराव बोंद्रे. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"या या, इरावतीजी! आज दुपारी कश्या काय?"

मी त्यांना माझं नाव सांगितलं नव्हतं.

"बसा ना. कस्तुरी, बेटा, चाय ठेव. ताई आल्या." आतून त्यांची नात डोकावली, हसली, परत गेली. अच्युतराव बोलतच होते. "काल सकाळी तुम्ही सोडून गेल्या ना, तेव्हापासून हिची तबियत बरी आहे. मी हिला बोलत होतो, आजकाल कोण करतं असं?"

हळूहळू मला कळलं. त्यांच्या पत्नीला, सुनीताबाईंना, दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं. पहिली पाळी पहाटे सहाची, पाचलाच निघायचं. थंडीत तेव्हा मिट्ट काळोख असतो. दिवा फुटल्यावर त्यांना गाडी काढता येईना. म्हणून त्यांनी चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन केला. आणि मी... म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मीच... त्याच संध्याकाळी येऊन पाया पडले, रडले, आणि तेव्हापासून दर खेपेला पहाटे पाचला खाली गाडी घेऊन उभी असते.

"चिठ्ठी?" मी कशीबशी म्हणाले.

टेबलावरच्या काचेखालून त्यांनी ती काढली. जपून ठेवली होती. माझ्याच डायरीचं पान. त्यावर चार ओळी. माझं नाव, मोबाईल नंबर, सुदामा नगरातला पत्ता, आणि शेवटी, 'चूक माझी आहे. मला जरूर बोलवा.' अक्षर माझं होतं. 'र'चं शेपूट मी जरा लांब काढते, ते सुद्धा तसंच.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यासाठीच तर गेले होते. पण कस्तुरीनं चहा आणला, अच्युतराव माझ्याकडे असे बघत होते, की... मी कप घेतला. म्हणाले, "त्यात काय एवढं."

हो. असंच म्हणाले.

पलंगावर सुनीताबाई पडून होत्या. निघताना त्यांच्याजवळ गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला, चाचपला, आणि सोडून दिला.

"अहो... ही ती नव्हे."

"असं काय करतेस? इरावतीजी आहेत."

"नाही. तिचे हात गार असतात... बर्फासारखे. आणि ती सगळा रस्ता रडत असते." त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. "ही रडत नाही."

अच्युतराव ओशाळले. "मशीनवर जाऊन आलं की हिला असं होतं कधी कधी. मनावर नका घेऊ."

जिन्यात मी फोन तपासला. बोंद्र्यांचा एकही फोन त्यात आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर संताजी उभा होता. नव्या स्वेटरमध्ये. त्यानं गेट उघडलं आणि खिडकीशी आला. "मॅडम, तुम्ही घरी येऊन माझ्या आईसमोर जे बोलल्या, ते मी जिंदगीभर नाही विसरणार." वर ऑफिसात देवयानी मॅडमनी माझं पत्र दाखवलं. गाडी मीच दुसरीकडे ठोकली, संताजी निर्दोष आहे, असं त्यात साफ लिहिलं होतं. "असं लिहून द्यायला छाती लागते," त्या म्हणाल्या. खाली माझी सही. मी मान हलवली आणि वर्गावर गेले.

आता राहिला उन्मेष. ठरवलं, निदान त्याला तरी मी स्वतः सांगायचं. तिच्याआधी. शेवटचा तास सोडून घरी पळाले. तो ओट्यापाशी चहा गाळत होता. दोन कप होते. त्याचे डोळे ओले दिसले.

"उन्मेष, मला तुला काही सांगायचंय..."

"इरा, पुरे आता. एकदा सांगितलंस ना सगळं? मी नाही रागावलो." मग तो थबकला. माझ्या खांद्यावरच्या पर्सकडे, पायांतल्या चपलांकडे बघितलं. "तू... तोंड धुवायला गेली होतीस ना?"

न्हाणीघरात नळ चालू होता. दार नुसतं लोटलेलं.

मी गेले, तन्वी. आत कोणी नव्हतं. नळ वाहत होता. खुंटीवरचा माझा टॉवेल ओला होता, आणि इतका गार की हातात धरवेना.

त्यानंतर काहीच झालं नाही. बोंद्र्यांनी दिवा बसवून घेतला, गाडीतला वास गेला. वर्षभर सगळे मला मान देत आले. उन्मेष चार लोकांत माझं उदाहरण देतो. संताजी दिवाळीला फराळ आणून देतो. अच्युतराव सणासुदीला फोन करतात, घरी बोलावतात. प्रत्येक वेळी मी हसून घेते. यातलं मी काही म्हणजे काही केलेलं नाही. मी फक्त टोपण लावलेलं पेन कागदावरून फिरवलं.

सोमवारी सकाळी अच्युतरावांचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"इरावतीजी, घरी नीट पोचल्या ना काल? मला तर रातभर चिंता होती."

"काल? मी..."

"तुम्ही वर पण नाही आल्या. पायरीवरच बसल्या. किती रडल्या... मी विचारतोय, काय झालं, माफी कशाची? तर तुम्ही एकच बोलत होत्या."

"काय?"

त्यांनी आवाज खाली आणला.

"'कस्तुरी मला दिसलीच नाही हो... दिसलीच नाही.' बस, एवढंच." ते हसायचा प्रयत्न करत होते. "आता सांगा, कस्तुरी तर ही इथं बसलीये माझ्यासमोर. पोहे खातेय. बोलता का तिच्याशी?"

बोलायला हवं होतं. तिला सांगायला हवं होतं. पण त्यासाठी पहिल्यापासून सगळंच सांगावं लागलं असतं... त्या कोऱ्या कागदापासून.

मी फोन ठेवून दिला.

ती एकोणीस वर्षांची आहे, तन्वी. क्लाससाठी रोज सकाळी सातला इकडे सुदामा नगरात येते, स्कूटीवरून. आमच्या फाटकासमोरूनच जाते, मी गाडी मागे घेत बाहेर काढते तेव्हाच.