टोचणारं बाक

"मिस, ते बघा! अख्खं बेटच इकडे येतंय!"

ब्लेझ धक्क्यावरून ओरडला, पण कुणी धावत आलं नाही. धावायचं त्राण होतं कुणात? गेले कित्येक दिवस सावंतवाडीच्या शाळेची ही सहल नुसती बसमध्ये चढत होती आणि उतरत होती. रेडीचा यशवंतगड झाला, शिरोड्याचा समुद्र झाला, काथ्याचा कारखाना झाला. प्रत्येक ठिकाणी वेनेसा मिसचं "माहिती लिहून घ्या!" झालं. आता सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. शेवटचे दिवस खाडीतल्या कांदळजुव्यावर काढायचे! जुवा म्हणजे खाडीतलं बेट. तिथे खारफुटीत हिंडायचं, मासे पकडायचे, आणि मुख्य म्हणजे बसमध्ये चढायचं नाही!

आणि तोच जुवा होड्यांत बसून समोरून येत होता. एका होडीत कोंबड्यांचे डालगे, दुसरीत बकऱ्या, तिसरीत चटया आणि भांडीकुंडी. शेवटच्या होडीत एक आजी मांजराला पदरात गुंडाळून बसल्या होत्या.

"गावपळण!" मिसनी कपाळावर हात मारला.

जुव्याचे मानकरी परशुरामकाका धक्क्यावर उतरले. "टीचर, तुम्ही फोन केल्यात तेव्हा देवाचो कौल झालो नव्हतो. आता झालो. तीन दिवस गावात माणूस नाय, जनावर नाय. शिवेच्या आत कोणी पाय ठेवूचो नाय!"

"आणि आम्ही?" समर्थ बॅगेवरच बसला.

"तुम्ही हयच रवा, आमच्यावांगडा!"

झालं! बेट बघायला आलेली मुलं बेटाच्या समोर, खाडीच्या या काठावर माडांखाली राहिली. जुवेकरांनी माडाच्या झापांच्या खोपी उभ्या केल्या, त्याही बेटाकडे पाठ करून. कारण पळणीत गावाकडे वळून बघायचं नाही, असा त्यांचा रिवाज.

परशुरामकाकांचा धाकटा भाऊ गंगाराम मोठा उत्साही. त्याने मुलांसाठी दगडांवर फळ्या टाकून झकास बाक केलं. ब्लेझ त्यावर धपकन बसला आणि तसाच उडाला.

"आई गं! हे बाक चावतं!"

फळ्यांना कालवांचे शिंपले चिकटले होते, सुरीसारखे धारदार. त्यातली एक फळी तेवढी गुळगुळीत होती. ती ब्लेझने हळूच काढून घेतली आणि उशाला घेऊन आडवा झाला.

मांजरवाल्या काशीबाई आजींनी मुलांना गरम पेज वाढली. "आजी, तुम्हाला बेटाची आठवण नाही येत?" जॉयसीने विचारलं.

"घराची नाय येणा गो. तरव्याची येता." काशीबाईंनी तरवा म्हणजे काय ते हातानेच दाखवलं. भाताची कोवळी रोपं, बोटभर उंच. बांधालगत त्यांचा एकच तुकडा होता आणि वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताचं घरातलं सगळं बियाणं त्यांनी त्यात पेरलं होतं. "परत गेल्यार लावणी करतलंय. तो गेलो तर औंदा माझो कणगो रिकामो." बोलताना त्यांची मान जरा बेटाकडे वळली, आणि त्यांनी ती लगेच आवरली.

सकाळी सगळे पेंगत होते. जॉयसीलाही झोपायचंच होतं, पण वर्गाची एकुलती एक दुर्बीण मोकळी सापडली होती. जांभया देत तिने ती बेटाकडे लावली.

"समर्थ, बांधाच्या आत किती बगळे आहेत रे!"

"असू देत."

"एकाच्या चोचीत मासा आहे. चांगला मोठा!"

"मग काय पोळी असणार?" समर्थने डोळेही उघडले नाहीत. मग एकदम उघडले. "थांब. शेतात मोठा मासा कुठून आला?"

दोघांनी होडीवाल्या प्लासिद अंकलना गाठलं. ते याच काठावरचे, जुव्याचे नव्हेत. त्यांना वळून बघायची बंदी नव्हती. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. "अरे देवा! बोईचो मासो! ह्यो खाऱ्या पाण्यातलो. बांधाच्या आत कसो गेलो? उघाडी लावूक नाय की काय?"

"उघाडी म्हणजे?"

"बांधाक दार आसता. खाचेत एकावर एक फळयो घालतत. मग भरतीचा खारा पाणी शेतात शिरना नाय."

"फळ्या!" जॉयसीची झोप खाडकन उडाली. "खाऱ्या पाण्यात राहिलेल्या? कालवं चिकटलेल्या?"

तिघांनी मिळून बाकाकडे बघितलं. बाकावर वेनेसा मिस चहा पीत बसल्या होत्या.

"मिस, उठा! तुम्ही दारावर बसलाय!"

परशुरामकाका आधी मानायलाच तयार नव्हते. "मी फळयो काढलंय त्यो फटींत चिखल भरूक. तेवढ्यात पळणीचो ढोल वाजलो. पण गंगाराम मागे होतो. माका वाटला ह्यो लायतलो!"

गंगारामचा चेहरा उतरला. "मी बघलंय तर फळयो सामानाकडे पडलेल्यो. माका वाटला खोपीसाठीच काढलंस! मी होडयेत भरलंय!"

"शाबास! दाराचा बाक केलंस!"

"नि तू दार काढून ढोलामागे धावलंस, ता?"

भावाभावांची जुंपली आणि काशीबाई त्यांच्या मधे आल्या. एवढ्याशा आवाजात त्यांनी विचारलं, "खारा पाणी तरव्यात गेला काय रे?"

"नाय अजून," प्लासिद अंकल म्हणाले. "काल पाटातच रवला. पण आज उधाण मोठा. दुपारपर्यंत तरवो पाण्याखाली."

"मग चला ना!" ब्लेझ म्हणाला.

"जावचा कसा?" परशुरामकाकांनी हात जोडले. "शिवेच्या आत पाय ठेवलो तर पळण मोडली. वाडवडलांनी मोडूक नाय, मी मोडू?"

जॉयसीला काशीबाईंकडे बघवेना. कालची पेज तिला आठवत होती.

"काका, शीव नक्की कुठे आहे?"

"बांधाच्या माथ्यार."

"आणि फळ्यांची खाच? बाहेरच्या अंगाला?"

"भायर, खाडीच्या तोंडाक."

"मग होडी खाचेला लावायची आणि होडीतूनच फळ्या घालायच्या! पाय ठेवायचाच नाही कुठे!"

परशुरामकाकांनी माडाखाली नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! हीं पोरां पाण्यातल्या पाण्यात जातत. तेंचो पाय जमनीक लागूचो नाय. तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा जुवा एका आवाजात म्हणाला.

लाइफ जॅकेट चढवून आणि बाकाच्या फळ्या होडीत घालून जॉयसी, ब्लेझ आणि मिस निघाले. प्लासिद अंकलनी होडी थेट उघाडीच्या तोंडाशी नेली. भरती सुरू झाली होती. पाणी खाचेतून खळखळत आत चाललं होतं, आणि बांधापलीकडे तरव्याचा हिरवा तुकडा अगदी जवळ दिसत होता.

"आधी कुठली फळी?" मिसनी विचारलं. "सगळ्या सारख्याच दिसतात."

"जिला सर्वात जास्त कालवं, ती तळाला, मिस!" जॉयसी म्हणाली. "ती सगळ्यात जास्त पाण्यात राहिली असणार!"

पहिली फळी खाचेत घसरली. दुसरी बसली. ब्लेझचे हात खरचटले, मिसची ओढणी फाटली, दंड भरून आले. तिसरीही बसली. पाणी मात्र तिच्या वरून उडी मारायच्या बेतात होतं.

"चौथी द्या!" अंकल ओरडले.

चौथी नव्हतीच! ब्लेझचा चेहरा लालबुंद झाला. "गुळगुळीत होती ती? ती... माझ्या उशाला आहे."

"ब्लेझ!"

"समर्थऽऽ! माझ्या उशाची फळीऽऽ!" ब्लेझ काठाकडे तोंड करून ओरडला.

काठावर समर्थने फळी उचलली खरी, पण नेणार कोण? बाकीच्या होड्या जुवेकरांच्या. जवळची होडी गंगारामची, आणि गंगारामने बेटाकडे बघायचं नाही. तो डोळे मिटून म्हणाला, "न बघता होडी कशी हाकू रे, बाबू?"

समर्थने कपाळावर हात मारला. "काका, वल्हवताना तोंड कुठे असतं तुमचं?"

गंगाराम क्षणभर गोंधळला. मग त्याने टुणकन होडीत उडी मारली. वल्हवणाऱ्याची पाठ नेहमी पुढेच असते! बेटाकडे पाठ करून तो सपासप वल्ही मारत निघाला आणि समर्थ समोर बसून सांगत राहिला, "डावीकडे! अजून डावीकडे! काका, माझी डावी नाही, तुमची!"

दोन्ही होड्या एकमेकींवर आदळल्या. गंगारामने न बघताच फळी मागे दिली. जॉयसी आणि ब्लेझने ती खाचेत घातली, मिसनी वरून जोर दिला, आणि खळखळाट थांबला. उधाण आलं, फळ्यांना धडका देत राहिलं आणि दमून परत गेलं.

त्या संध्याकाळी जुवेकरांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा! ह्या लेकरांनी आमचो गाव राखलो, रिवाजय राखलो. दमलीहत बिचारीं, तेंका बरी झोप दी रे म्हाराजा!" मुलं वाळूवर कधीच झोपली होती. फक्त ब्लेझ झोपेतच पुटपुटला, "व्हय म्हाराजा!" आणि कुशीवर वळला.

तिसऱ्या दिवसानंतर परतीचा कौल झाला, आणि नेमकी तेव्हाच बस आली. मिस हजेरी घेत होत्या, पण जॉयसी, समर्थ आणि ब्लेझ काही चढेनात. काशीबाई पहिल्या होडीत बसल्या होत्या. आता बघायला मोकळीक होती, तरी होडी बेटाच्या काठाला लागेपर्यंत त्यांनी बेटाकडे पाठच ठेवली. भीती वाटत होती त्यांना. मग त्या बांधाआड गेल्या. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

आणि पाण्यावरून हाक आली. "हिरवो आसा गोऽऽ! माझो तरवो हिरवो आसा!"

जॉयसीने काठावरून दोन्ही हात हलवले. तिचे डोळे भरून आले होते.

"भात पिकला की पयली पेज तुमची!" परशुरामकाका म्हणाले. "नि तेव्हा जुव्यारच जेवूचा!"

"बाक नको, काका," ब्लेझ म्हणाला. "आम्ही खालीच बसू!"

बस सुटली. खाडीचं वळण येईपर्यंत सगळी मुलं एकमेकांच्या खांद्यावर कलंडली होती. वेनेसा मिसनी सवयीने "माहिती लिहून..." म्हणायला तोंड उघडलं, मागे वळून बघितलं, आणि ड्रायव्हरला हळू चालवायला सांगितलं.