दुपारी एक ते चार

"हळू बोल! हे खलबत आहे, भाजीबाजार नाही!" दीक्षा कल्याणीवर खेकसली.

कोथरूडच्या मंजिरी सोसायटीत जिन्याखाली तिघांची सभा भरली होती. विषय एकच : बी विंगवर पाण्याचे फुगे कधी फेकायचे?

"खलबत म्हणजे?" दहा वर्षांच्या कल्याणीने विचारलं.

"गुपचूप, डोकी एकत्र करून ठरवणं." दीक्षा आठवीत जाणार होती आणि शब्दांच्या बाबतीत फार कडक होती.

"म्हणजे कारस्थानच की!" सौमित्र म्हणाला.

"मुळीच नाही! कारस्थानात कुणाचं तरी वाटोळं करायचं असतं. आपण नुसतं भिजवणार आहोत!"

आईच्या साड्या आणायच्या राहिल्यात, हे दीक्षाला तेवढ्यात आठवलं. तिघं गेटकडे पळाली. तिथल्या करंजाच्या सावलीत द्वारकामावशी बावीस वर्षं इस्त्री करत होत्या. त्यांनी कागदात गुंडाळलेल्या साड्या पुढे केल्या. कागद जाड होता, आणि त्याच्या मागे डिंक आणि झाडाची साल चिकटलेली होती! दीक्षाने तो उलटला.

"'धोकादायक करंज वृक्ष तोडणेबाबत. हरकती सात दिवसांत...' मावशी, हा कागद कुठला?"

"चेअरमनसाहेबांची रद्दी हाय ती. कपडे गुंडाळायला देत्यात."

"नोटीस झाडावरच राहायला हवी ना?" सौमित्र म्हणाला.

"मी पाहिलंय!" कल्याणी ओरडली. "चेअरमन श्रीनिवासकाका गेल्या आठवड्यात भर दुपारी या झाडाचा फोटो काढत होते! मला वाटलं, पक्षी असेल!"

म्हणजे नोटीस चिकटवली, पुराव्याला फोटो काढला आणि लगेच उपटून रद्दीत टाकली. आणि ती रद्दी दिली कुणाला? जिची सावली जाणार, तिलाच! दीक्षाचे कान तापले.

"झाड गेल्यावर मी कुठं उभी ऱ्हाऊ गं?" मावशींनी इस्त्री खाली ठेवली. "कोळशाची इस्त्री घिऊन उन्हात?"

तारीख पाहिली तर आजचा दिवस शेवटचा! महापालिकेचं कार्यालय पाचला बंद होणार. आत्ता दीड वाजला होता, आणि दारोदारी तीच पाटी : 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. अपमान केला जाईल.'

"होऊ दे अपमान!" दीक्षा म्हणाली आणि तिने पहिली बेल दाबली.

"ही काय वेळ आहे?" बद्रीनाथआजोबा गरजले.

"हीच वेळ आहे, आजोबा! तुम्ही झोपला होतात तेव्हाच झाडावरची नोटीस उपटली!"

कुणी दार आपटलं, कुणी आईबापांचा उद्धार केला. पण कागद पाहून एकेकाची झोप उडत गेली. सौमित्रने हरकतीचा अर्ज लिहिला. पहिली सही द्वारकामावशींची, पूर्ण नावानिशी. मग अठ्ठावीस आणखी! शेजारच्या मुक्ताईआजींनी हेल्मेट चढवून स्कूटर काढली. "बस मागे, दीक्षा!" पावणेपाचला अर्जावर शिक्का पडला.

अधिकारी येऊन झाड तपासून गेले. झाड ठणठणीत होतं, तोडायला परवानगी मिळाली नाही. रविवारच्या सभेत श्रीनिवासकाका घाम पुसत होते.

"अहो, पार्किंगसाठी कमिटीने आपसात विचारविनिमय केला, इतकंच!"

"विचारविनिमय?" दीक्षा ताडकन उठली. "दार लावून तर आम्हीही बोलतो, काका. पण तुम्ही मावशींना अंधारात ठेवून त्यांचंच वाटोळं ठरवलंत. त्याला कारस्थान म्हणतात!"

मग बद्रीनाथआजोबांनी टाळी वाजवली. "शाबास, पोरांनो!"

"आणि त्या दिवशी ओरडलात ते?" दीक्षाचा राग अजून उतरला नव्हता.

"चुकलंच माझं," आजोबा म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी दारावरची पाटी काढली.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवासकाका मान खाली घालून करंजाखाली आले. मावशींनी त्यांचे कडक इस्त्रीचे शर्ट उघडेच हातात दिले.

"कागद नाही गुंडाळला?"

"न्हाई, साहेब. तुमच्याकडचा कागद आता आधी वाचून घेते."