तिसरा होकार

२० नोव्हेंबर १९५४, शनिवार. सकाळचे साडेअकरा.

मरोळच्या भंगाराच्या आवारात लवूने देवाला गाऱ्हाणं घातलं, तेव्हा होकार द्यायला दोनच माणसं उभी होती.

होकार तीन आले.

सुगंधा माझी आत्या. लवू तिचा नवरा, गिरणीतला फिटर. आत्याच्या पत्रांत आहे आणि जयवंत ड्रायव्हरने तोंडी सांगितलं, तेवढंच इथे लिहितो. पदरचं काही नाही.

लवूने गिरणी सोडली आणि लढाईच्या काळातली एक जुनी रुग्णवाहिका विकत घेतली. कोकणातल्या जत्रांतून स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत फिरायचं, गाडीतच राहायचं. रोग्यांच्या झोळ्यांचे लोखंडी घोडे काढून त्याने फळ्यांचा पलंग ठोकला. खाली ट्रंका, कोपऱ्यात स्टोव्ह, खिडकीला आत्याच्या जुन्या लुगड्याचा पडदा.

घाटकोपरची खोली त्यांनी सोडून दिली होती.

आता घर म्हणजे ही गाडीच.

लवूला लायसन नव्हतं. म्हणून जयवंतला बरोबर घेतलं. लढाईत हीच गाडी त्याने चालवली होती.

"पाठून दोन ठोके पडले की गाडी थांबवायची," पुढच्या बाकामागची फळी दाखवत तो म्हणाला. "तीन पडले, तर घाई करायची नाही."

"घाई का नाही?" आत्याने विचारलं.

"पेशंट गेला, की घाई कशाची गं?"

नव्या घरात शिरताना जागेच्या राखणदाराला नारळ द्यायचा, ही कोकणची रीत. पण जागा कुठली? खाली जमीन दुसऱ्याची, वर चार चाकं. लवूने क्षणभर विचार केला आणि गाडीच्या दाराशीच नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा! ह्या गाडयेत जो कोण आसात, तेना आमची राखण करूची. आमका एकटा सोडूचा नाय!"

"व्हय म्हाराजा," आत्या म्हणाली.

"व्हय म्हाराजा," जयवंत म्हणाला.

"व्हय म्हाराजा..."

आवाज गाडीच्या आतून आला.

आत कोणीच नव्हतं.

"आवाज घुमता गो पत्र्यात," लवू हसला. जयवंत हसला नाही.

तीन वाजता ते निघाले. तिघंही पुढे. घाटकोपर मागे पडलं. भांडुपच्या अलीकडे मागच्या फळीवर...

ठक. ठक.

जयवंतने गाडी थांबवली. लवूने मागे जाऊन पाहिलं. सगळं जिथल्या तिथे. फक्त पाण्याचा तांब्या... रिकामा. सांडल्याची ओल कुठेच नव्हती.

"अवो, परत जाऊया," आत्या म्हणाली.

"खंय? खोलयेत आता दुसऱ्यांचो संसार मांडलेलो आसतलो. मी बसतंय पाठी. बघूया कोण वाजवता ता."

तो मागे बसला. मुलुंड येईपर्यंत फळी गप्प होती.

मग...

ठक. ठक. ठक.

गाडी थांबताच आत्या धावत मागे गेली. लवू पलंगावर टक्क जागा होता.

"मी नाय वाजवलंय," तो म्हणाला.

तेव्हापासून तो पुढे बसला नाही.

१८ जानेवारीला जयवंत एकटाच मरोळला परतला. माझ्या वडिलांनी कारण विचारलं.

"गियरकडे हात नेतो, दशरथभाऊ... तर तो आधीच पडलेला असतो. मी त्या दोघांना म्हटलं, चला. सुगंधा म्हणाली, घर टाकून कुठे जाऊ?"

फेब्रुवारीत आत्याचं कार्ड आलं. तारीख तीन, शिक्का देवगडचा, अक्षर तिचंच.

'ती. दादास नमस्कार. आम्ही सुखरूप. काल कुडाळहून निघून आज इथे पोचलो. उद्या पुढे. हे मागेच असतात. हाक मारली तर ओ देत नाहीत, फळी वाजवतात. आधी दोनदा वाजवायचे. हल्ली तीनदा.'

वडिलांनी ते कार्ड जयवंतला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं.

"लवू मागे. मी इथे," तो म्हणाला. "मग गाडी चालवतंय कोण?"

आत्याला गाडी चालवता येत नव्हती.

त्यानंतर पत्र आलेलं नाही.