शेपटीवरचा ठसा

दार आत ढकलायचं, तर हा बुवा ते ओढतच बसला होता. तेही एका हाताने, कारण दुसऱ्या हाताने बुटांचं खोकं छातीशी धरलेलं. आत तिला हसू आवरेना. शेवटी तीच उठली.

मामाच्या दुकानात जुनी मॉडेलं दुरुस्त करायचं काम तिच्याकडे होतं. खोक्यातून निघालं हातभर विमान. पंखांवरचे आकडे, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवतात ते डिकल, पापुद्रे होऊन निघाले होते. मागे उरले होते गोंदाचे पिवळे डाग.

"बाबांनी केलेलं आहे. मी दातांचा डॉक्टर," तो म्हणाला. "आपलं काम एकच. पिवळं खरवडायचं."

"पण माझे पेशंट ओरडत नाहीत."

"माझेही नाहीत... तोंडात माझा हात असतो ना!"

तो हसला आणि त्याच्या एका गालाला खळी पडली. मग तो शेपटीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत राहिला. ती "हो, हो" म्हणत राहिली. लक्ष सगळं खळीकडे!

कोमट ओल्या फडक्याने तिने गोंद मऊ केला, कापसाच्या काडीने हलकेच टिपून घेतला. शेपटीवरच्या रंगात एक बोट उमटलेलं होतं. शिकाऊ हाताची चूक, असं म्हणत तिने ते पॉलिश पेपरने घासलं आणि वर चंदेरी हात मारला. स्वतःवरच खूश झाली.

"अगं, ठसा कुठाय?" मामा ओरडला. "तेवढं सोडून काहीही करा, असं हात जोडून सांगत होता तो! लहानपणी ओल्या रंगावर त्याचा अंगठा पडला, तर बाप म्हणाला, आता हे विमान आपल्या दोघांचं. गेला गं तो बाप."

तिने घाईघाईने शेपटीवर फडकं टाकलं.

दवाखाना आटोपून तो रोज डोकवायचा. "वाळलं का?"

"नाही... हवा दमट आहे ना." बाहेर रणरणतं ऊन होतं.

"बरंच आहे. मला तर वाटतं, वाळूच नये."

एरवी ती लाजून चूर झाली असती. आता लाज वाटत होती ती वेगळीच. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं तिला झालं. खरं सांगितलं, तर हा पुन्हा या दाराशी यायचा नाही.

म्हणून तिने नको ते केलं. शेपटीला पुन्हा रंग दिला आणि त्यावर स्वतःची करंगळी टेकवली. लहान मुलाच्या अंगठ्याएवढीच तर असते.

चोराच्या मनात चांदणं! तो विमान न्यायला आला, तेव्हा तिची मान काही वर होईना. तो शेपटीकडे बराच वेळ बघत राहिला.

"सुरेख," तो हळूच म्हणाला. "ठसासुद्धा जपलात."

झालं. तिचा बांध फुटला. "तो तुमचा नाही! माझा आहे. तुमचा मी घासून टाकला. तुम्ही सांगत होतात तेव्हा माझं लक्ष नव्हतं, आणि नंतर... सांगायची लाज वाटली."

"लक्ष कुठे होतं?"

"...खळीकडे." तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तो हसला नाही. त्याने आपला अंगठा तिच्यासमोर धरला. त्यावर एक जुना आडवा व्रण होता. "रांगत होतो तेव्हा कापलं होतं. त्या ठशातही ही रेघ होती."

"म्हणजे तुम्हाला..."

"बघताक्षणीच कळलं. पण तुमचा चेहरा बघून बोलवेना."

"वाईट वाटलं?"

"खूप."

तिने डोळे पुसले आणि पॉलिश पेपर ओढला. "मी काढते तो. तुम्ही पुन्हा टेकवा अंगठा."

"राहू दे." त्याने विमान अलगद आपल्याकडे सरकवलं. "बाबांनी दोघांचं केलं होतं. आता तिघांचं झालं."

"पण मी तर... चूक झाकायला टेकवली होती."

"मग काय झालं? मीही काही विचारून नव्हता टेकवला गं."